दोन ताऱ्यांचा दवाखाना

गावोगावच्या माणसांना तारे वाटायचं काम मी चार वर्षं केलं. कागदावरचे तारे, पाच टोकांचे, काळ्या शाईतले. कुणाला पाच, कुणाला साडेतीन, कुणाला एकच. ज्यांना दिले त्यांतल्या बहुतेकांना मी ओळखत नव्हतो आणि ज्यांच्या सांगण्यावरून दिले त्यांनाही नाही. तरीही सांगली-साताऱ्याकडची माणसं ते तारे बघून लग्नाचा आचारी ठरवायची, विहिरीवरची मोटार कुणाकडे दुरुस्तीला टाकायची ते ठरवायची, लेकीसुनेला बाळंतपणाला कुठे न्यायचं तेही ठरवायची. या शेवटच्या गोष्टीबद्दल मी आजवर घराबाहेर फारसा बोललेलो नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही हकिगत. सांगलीत अण्णा शेट्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं अशी कामं चालायची. त्या सुमारास खेड्यापाड्यांत टेलिफोन पोचायला लागले होते, चौकाचौकात एसटीडी बूथ उघडत होते. अण्णांच्या डोक्यात आलं, की दोन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टरांपासून मंडपवाल्यांपर्यंत सगळ्यांचे पत्ते आणि नंबर एका पुस्तकात द्यायचे. त्यासाठी त्यांनी मला कामावर घेतलं. मी विट्याचा. आमच्या घरातले पुरुष सोनं गाळायच्या धंद्यात, देशभर पांगलेले. मला त्या ॲसिडच्या वाफा सोसल्या नाहीत, म्हणून मी मागे राहिलो आणि लूनावर बसून पत्ते गोळा करायला लागलो.

पहिली आवृत्ती साधी होती. गाव, त्याखाली धंदा, त्याखाली अकारविल्हे नावं. ती पडून राहिली. लोक म्हणायचे, "पत्ता आमाला ठावं हाय. चांगला कोन ते सांगा की."

अण्णांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या आवृत्तीच्या आधी आम्ही जाड कार्डं छापली. एका बाजूला आमचा पत्ता, तिकीट लावायची गरज नाही. दुसऱ्या बाजूला सेवा देणाऱ्याचं नाव, पाच पोकळ तारे आणि अभिप्रायासाठी दोन ओळी. माणसानं वाटतील तेवढे तारे पेनानं भरायचे आणि कार्ड टपालपेटीत टाकायचं. कार्डं आम्ही जुन्या पुस्तकांत घातली, दुकानांत ठेवली, ज्यांनी मागितली त्यांना गठ्ठ्यानं दिली. आलेली कार्डं नावाप्रमाणे लावायची, ताऱ्यांची बेरीज करायची, कार्डांच्या संख्येनं भागायचं आणि उत्तर जवळच्या अर्ध्यावर आणून ठेवायचं, हे माझं काम. ज्याला जास्त तारे त्याचं नाव वर. चारच्या पुढे असेल तर ठळक अक्षरात, चौकटीत. दोनच्या आसपासचे पानाच्या तळाला बारीक टायपात. अकारविल्हे यादी गेली.

ती आवृत्ती हातोहात खपली. जीपवाले, बूथवाले, किराणा दुकानदार, सगळ्यांनी घेतली. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? पलूसच्या स्टँडवर चहा पिताना शेजारच्या बाकावरची दोन माणसं आमचं पुस्तक उघडून बोट फिरवत बसलेली दिसली, तेव्हा मी चहावाल्याला दुसरा कप सांगितला होता.

त्याच पलूसच्या एका आचाऱ्याला आम्ही पाच तारे दिले होते. त्याच्याबद्दल तीन कार्डं आली होती. तिन्ही एकाच शाईत, एकाच दिवशीचा शिक्का. मला ते दिसलं होतं. पण कार्ड आलं की धरायचं असा नियम होता, मी धरलं. त्याच गावातल्या दुसऱ्या जुन्या आचाऱ्याची चाळीसच्या वर कार्डं होती. त्यात कुणी भात कच्चा राहिल्याचं लिहिलेलं, कुणी जिलबीची तारीफ केलेली. भागाकार करून त्याला आले साडेतीन. तो खाली गेला, तीन कार्डांवाला वर, चौकटीत.

मे महिन्यात एका मुलीचे वडील पुस्तक काखेत मारून छापखान्यात आले. लग्नात निम्मी पंगत उठायच्या आत भात संपला होता. व्याह्यांची माणसं ताटावर बसून राहिली होती. "तुमी पाच तारं छापल्यालं बगून गेलो मी," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, हे मला आता जास्त आठवतं. अण्णांनी त्यांना चहा पाजला, दिलगिरी सांगितली. ते गेल्यावर आम्ही दोघं हसलो.

दिवाळीला माझे थोरले बंधू मद्रासकडून गावी आले होते. त्यांना मी मोठ्या हौसेनं पुस्तक दाखवलं. त्यांनी पानं उलटली आणि एका चौकटीवर बोट ठेवून विचारलं, "ही पाच तारं किती जणांनी सांगितली?"

"तीन."

"आन् ह्ये साडेतीनवालं?"

"चाळीसएक."

"मग ती तीन आन् चाळीस हितं लिवली का न्हाईत?" ते म्हणाले. "आमी सोन्याचा कस सांगतो तवा किती माल तपासला ते आदी लिवतो. नुसताच कस सांगितला तर गिऱ्हाईक दारात हुबं करंल व्हय रं?"

मी सांगलीला परतल्यावर अण्णांपुढे विषय काढला. ते म्हणाले, "पवार, आकडे टाकले की पान भरतं. लोकांना आकडा नको असतो, तारा पाहिजे असतो." मी बरं म्हणालो. एकदा बोललो, पुन्हा बोललो नाही. या चार वर्षांतली माझी चूक कुठली असं कुणी विचारलं, तर मी त्या "बरं"कडे बोट दाखवीन.

कवठे महांकाळला डॉ. वाघमारे म्हणून एक बाई होत्या. बाजारपेठेच्या टोकाला तीन खोल्यांचं प्रसूतिगृह. एकट्याच चालवायच्या, मदतीला एक आया. पत्ता पडताळायला मी एकदा गेलो होतो तेव्हा त्या दारातच उभ्या राहून बोलल्या, कारण आत बसायला जागा नव्हती. व्हरांड्यात बायका, पायरीवर त्यांच्या सासवा.

ताऱ्यांच्या वेळी त्यांच्या नावाची अकरा कार्डं आली. मी ती अजून डोळ्यांपुढे आणू शकतो. "मूल दगावले." "बाई फार रागावतात, उशिरा का आणले म्हणतात." "आमची सून वाचली पण बाळ नाही." या शेवटच्या कार्डावर एकच तारा भरलेला होता. आणखी एक कार्ड होतं, सुवाच्य अक्षरातलं. त्यावरही एकच तारा आणि पुढे लिहिलं होतं, "आम्ही तिकडे जात नाही." जो माणूस गेलाच नाही त्याला सेवेबद्दल काय ठाऊक, आणि तो का जात नाही, हे दोन्ही प्रश्न मला पडायला हवे होते. बाईंच्या आडनावाकडे बघितलं असतं तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच होतं. मी तो एक तारा बेरजेत धरला. अकरा कार्डांचे दोन तारे झाले.

कवठ्यापासून पाऊण तासावरच्या एका गावात दुसरं प्रसूतिगृह होतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. इमारत नवी, फरशी चकचकीत, बाहेर बाग. त्यांनी आमच्याकडून कार्डांचे गठ्ठे मागून नेले होते आणि ती भरून परत पाठवली होती. साडेचार तारे. ठळक अक्षर, चौकट. पुस्तकाच्या मागच्या पानावर त्यांची जाहिरातही होती. तारे जाहिरातीमुळे दिलेले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. ती बेरीज मीच केली होती आणि ती बरोबर होती.

आवृत्ती निघून सात-आठ महिने झाले असतील. एक दिवस दुपारी छापखान्यात तिशीचा एक माणूस आला. खाकी शर्ट, खिशाला पेन, हातात आमचं पुस्तक. पुस्तकाचं पुठ्ठ्याचं कव्हर उन्हानं फिकट पडलेलं. आचाऱ्याचा प्रसंग मला आठवला आणि मी अण्णांच्या खोलीकडे बघितलं. ते बाहेर गेले होते.

"तारं तुमी देता?" त्यानं विचारलं.

"लोक देतात. मी बेरीज करतो," मी म्हणालो. हे वाक्य मला पाठ होतं.

तो खुर्चीवर बसला. म्हणाला, त्याचं नाव सिदू. कवठ्याच्या पुढच्या एका खेड्यातला. स्वतःची जीप होती, वडाप करायचा. म्हणजे स्टँडवर माणसं भरायची आणि गावोगाव सोडायची. आमचं पुस्तक जीपमध्ये काचेपुढेच ठेवलेलं असायचं. पॅसेंजर विचारायचे, तो काढून दाखवायचा.

"माझ्या मालकिणीचं दिस भरलं हुतं," तो म्हणाला. "सकाळी दहाला कळा सुरू झाल्या. जीपमदी घातली. कवठ्यात वाघमारेबाईच्या दारावरनंच रस्ता. आई म्हनली, हितंच थांबव. मी म्हनलो, आगं, दोन तारं हायत त्या बाईला. फुडं साडेचारवाला हाय. न्हाई थांबलो."

तो हे सगळं सावकाश सांगत होता, गिऱ्हाइकाला रस्ता समजावून सांगावा तसं.

त्या साडेचार ताऱ्यांच्या ठिकाणी त्यांनी सिदूच्या बायकोला आत घेतलं. दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. मग एक चिठ्ठी बाहेर आली, सांगलीला न्या. बाळ अडकलं होतं. सांगली तिथून दीड तास. सिदू जीप वळवत होता तेवढ्यात फाटकातल्या झाडूवाल्या बाईनं त्याला हळूच सांगितलं, "सांगलीपातुर टिकायची न्हाई रं. वाघमारेबाईकडं ने. हितलं अडल्यालं समदं ती बाईच सोडवती."

"मागं फिरलो. बाईनं दारातनंच बघितलं आन् आत घेतली. बाळाचं ठोकं लागलंच न्हाईत. पर माझी मंगल वाचली. रगत थांबंना झालं हुतं, बाई दोन तास तिच्यापास्नं हालल्या न्हाईत. मग भाईर आल्या आन् मला म्हनल्या, सकाळी माझ्या दारावरनंच गेलास का रं तू?"

मी विचारलं, "बाईंसाठी कार्ड भरायचंय का?"

"न्हाई," तो म्हणाला. "माझं कार्ड परत पायजे."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्याची थोरली मुलगी त्याच बागेवाल्या प्रसूतिगृहात झाली होती. सरळ बाळंतपण, दोन दिवसांत घरी. पुढं आम्ही कार्डं वाटली तेव्हा तिथल्या माणसानं त्याला स्टँडवर गाठून, "तुमची मुलगी आमच्याकडं झाली, एवढं भरून द्या," म्हणून कार्ड हातात दिलं होतं. सिदूनं पाच तारे भरले होते.

"ती साडेचार तारं माझीच हुती की," तो म्हणाला. "माझंच बगून मीच गेलो."

कार्डं आम्ही गावाप्रमाणे पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवायचो. मी खोकं खाली काढलं आणि त्या प्रसूतिगृहाचा गठ्ठा सोडला. त्याचं कार्ड शोधताना बाकीची पहिल्यांदाच नीट वाचली. सगळी बाळ-बाळंतीण सुखरूप घरी नेलेल्या घरांतली होती. "मुलगा झाला." "जुळं, दोन्ही सुखरूप." "स्वच्छता उत्तम." चिठ्ठी देऊन पुढे पाठवलेल्या एकाही घराचं कार्ड त्यात नव्हतं. असणार तरी कसं? त्यांना कार्ड कुणी दिलंच नव्हतं. तिथून निघालेल्या त्या जीपा वाघमारेबाईंच्या दारात जात होत्या आणि जे काय व्हायचं ते तिथं होत होतं. त्या घरांची कार्डं बाईंच्या गठ्ठ्यात येत होती. मी वर्षभर एकाच दवाखान्याचं सुख एका खोक्यात आणि त्याचंच दुःख दुसऱ्या खोक्यात लावत बसलो होतो.

सिदूचं कार्ड सापडलं. पेन दाबून भरलेले पाच तारे, खाली, "सेवा लय चांगली. मुलगी झाली." मी ते त्याच्यापुढे ठेवलं. वाटलं, आता फाडून टाकेल. त्यानं ते हातात घेऊन वाचलं.

"ह्यात खोटं काय न्हाई," तो शेवटी म्हणाला. "तवा तसंच झालं हुतं." त्यानं कार्ड माझ्याकडे सरकवलं, पुस्तक उचललं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी कवठ्याला गेलो. वाघमारेबाईंच्या व्हरांड्यात चक्क जागा होती. दोनच बायका बसल्या होत्या. मी कोण आणि सिदूकडून काय कळलं ते सांगितल्यावर बाईंनी मला आत बोलावलं. मी माफी मागायला आलो होतो, पण ती नेमकी कशाची मागायची हे मला सांगता येईना. बेरजेची? ती तर बरोबर होती.

"माझे तारे मला ठाऊक आहेत," बाई म्हणाल्या. "माझ्या आयाबाईनंच आणून दाखवलं पुस्तक. दोन तारे वाचून मला राग नाही आला. अडलेली बाई घेऊन येणारी माणसं पुस्तक बघत नाहीत, त्यांना वेळच नसतो. ती येतातच."

"मग?"

"पाचव्या-सहाव्या महिन्यात तपासायला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या हो. त्या पुस्तक बघून तिकडे जातात. माझ्या हातात आधीपासून असत्या, तर कुठली अडणार हे मला महिनाभर आधी कळलं असतं. आता मला त्या शेवटच्या तासाला दिसतात. पुढच्या वर्षी तुम्ही मोजाल तेव्हा दोनाचा एक झालेला असेल. आणि तुमची बेरीज तेव्हाही बरोबरच असेल."

हे त्या चिडून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या सिदूची बायको जेवतेय का नीट? टाके काढून गेली ती परत आलीच नाही." मला ते माहीत नव्हतं.

अण्णांना मी सगळं सांगितलं. जाहिरातीचा प्रश्न होता, तो त्यांनी बोलून दाखवला नाही, मीही नाही. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत दवाखान्यांचे तारे काढून टाक. नुसती नावं घाल, अकारविल्हे."

"आणि बाकीच्यांचे?"

"राहू देत. आचाऱ्यापायी कुणी मरत नाही."

"आणि विकून गेलेली पुस्तकं?"

"ती कशी परत आणणार, पवार?"

मी एक चिठ्ठी छापून घेतली: दवाखान्यांपुढचे तारे ग्राह्य धरू नयेत. ती आणि डिंकाची बाटली पिशवीत टाकून मी कवठे, पलूस, विटा असे स्टँड आणि बूथ फिरलो. जिथे पुस्तक दिसलं तिथे पान काढून चिठ्ठी चिकटवली. काहींनी चिकटवू दिली. काही म्हणाले, "आवं, तारंच झाकलं तर बगायचं काय मग?" एका बूथवाल्यानं माझ्यादेखत ती नखानं उचकटून काढली. महिनाभर फिरलो. किती पुस्तकं झाली असतील? खपली होती त्यांच्यापुढे काहीच नाही. पुढच्या आवृत्तीत दवाखान्यांची नावं ताऱ्यांशिवाय आली, त्यानंतर मी ते काम सोडलं.

आज माझी नातवंडं मोबाईलवर तारे बघून हॉटेल ठरवतात. मी त्यांना किती जणांनी दिले ते बघा म्हणतो, तेव्हा ती आकडा दाखवतात. ज्यांना कार्डच मिळालं नाही ती माणसं कुठं दिसतात, असं विचारलं की ती माझ्याकडे बघतात आणि पुन्हा मोबाईलमध्ये बघतात.

सिदू मला आणखी एकदाच भेटला. काम सोडल्यानंतर एका नातलगाकडे जायला सकाळी कवठ्याकडची जीप धरली, तर चालक तोच. त्यानं मला ओळखलं आणि पुढच्या सीटवर घेतलं. मी मंगलची चौकशी केली. "बरी हाय," एवढंच तो म्हणाला. काचेपुढे पुस्तक नव्हतं.

वाटेत एका फाट्यावर दोन बायका चढल्या, सासू आणि सून. सुनेला सातवा-आठवा महिना असावा. जीप चालू झाल्यावर सासूनं मागून विचारलं, "सिदू, हिला तपासायला न्यायची हाय. चांगली डाक्टरीण कोन हाय रं?"

सिदू गाडी चालवत राहिला. कवठ्यात शिरल्यावर, बाजारपेठेच्या टोकाला, कुणी न सांगताच त्यानं जीप उभी केली. समोर वाघमारेबाईंची पायरी.

"ही बाई चांगली हाय?" सासूनं पाटीकडे बघत विचारलं. "कोन कोन काय काय म्हंत्यात हिच्याबद्दल."

सिदू मागे वळला.

"माझं लेकरू हितं गेलं," तो म्हणाला. "माझी बायको हितं वाचली. दोन्ही सांगितलं. आता तुमी ठरवा."

म्हातारी सिदूच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पिशवी खांद्याला लावली, आधी स्वतः खाली उतरली आणि सुनेला उतरवून घ्यायला दोन्ही हात वर केले.